घाटातील सायकलशर्यत पाहावयास जाताना

आपल्या गावात सायकल ओळखली जाते ती कामाची वस्तू म्हणून. शाळेला जाणारी मुलगी, पहाटे दूध घालणारा माणूस, राइस मिलमधला हमाल, दांड्यावर धानाचे पोते टाकून तलावाच्या पाळीवरून सायकल ढकलीत येणारा शेतकरी, ही मंडळी आपण रोज पाहतो. म्हणून कोणी जर म्हटले की नुसत्या सायकली पळताना पाहण्यासाठी नागपूर ओलांडून, रात्रभर गाडीत बसून, पार सह्याद्रीपर्यंत जावे, तर ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "त्यात पाहायचे काय?" हा प्रश्न रास्त आहे. रोजीवर जगणाऱ्या माणसाने तर तो विचारलाच पाहिजे, कारण त्याला गाडीभाड्याबरोबर बुडालेली मजुरीही मोजावी लागते.

या प्रश्नाचे उत्तर मला येथे द्यावयाचे आहे. घाटातली व्यावसायिक सायकलशर्यत म्हणजे काय, ती कोठे उभे राहून पाहावी, आणि सिंदेवाहीसारख्या गावातून तेथे जाण्याचा बेत कसा आखावा, असे या विवेचनाचे तीन भाग पडतात. माझे म्हणणे थोडक्यात इतकेच आहे की, ही शर्यत म्हणजे उघड्या रस्त्यावर चाललेले मेहनतीचे काम होय. ते काम जेथून दिसेल ती जागा वेळेवर गाठणे, यालाच बेत म्हणावयाचे.

आपल्याकडच्या शंकरपटाची आठवण करा. पटाच्या दिवशी एकामागून एक जोड्या सुटतात. एक जोडी काही सेकंदांत धाव संपविते, पण मागून लगेच दुसरी येते, आणि पाहणारा सकाळपासून दिवस मावळेपर्यंत एका जागी बसून सगळा पट पाहतो. झाडीपट्टीतले नाटक रात्रभर चालते, तेही आपल्या पुढ्यातच. सायकलशर्यतीची रीत वेगळी. तिचे मैदान शंभर-दीडशे किलोमीटर लांब आणि एका रस्त्याएवढे रुंद असते. खेळाडू त्यावरून बहुधा एकदाच जातात. प्रेक्षक जेथे उभा असेल तेवढाच तुकडा त्याच्या वाट्याला येतो. तेव्हा हा तुकडा कोणता निवडावा, हा सगळ्या प्रवासाचा मूळ प्रश्न आहे.

येथे थोडा हिशेब मांडू. सपाट रस्त्यावर दीडशे सायकलपटूंचा घोळका तासाला चाळीस किलोमीटरच्या वेगाने येतो. म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. घोळक्याची लांबी दोनशे मीटर धरली, तर अठरा-वीस सेकंदांत सारे संपते. रंगीबेरंगी सदऱ्यांचा एक झोत, साखळ्यांची करकर, वाऱ्याचा एक फटका, आणि मग रिकामा रस्ता. ज्याने यासाठी चार दिवसांची मजुरी सोडली, तो फसलो असे म्हणेल आणि त्याचे म्हणणे खरे असेल. आता घाटाचा हिशेब पाहा. नऊ किलोमीटरची चढण आहे असे समजा. पुढचा गडी तासाला अठरा किलोमीटरने चढला तर त्याला अर्धा तास लागतो. मागे पडलेला बारा किलोमीटरने चढतो. त्याला पाऊण तास लागतो. पायथ्याशी दोघे बरोबर असले तरी माथ्यावर त्यांच्यात पंधरा मिनिटांचे अंतर पडते. त्या पंधरा मिनिटांत दीडशे माणसे एकेकटी, दोघे-तिघे मिळून, लहान लहान टोळ्यांनी आपल्यासमोरून जातात. प्रत्येकाचा चेहरा दिसतो, श्वास ऐकू येतो.

असे का होते, तेही समजून घेतले पाहिजे. सपाटीवर सायकलपटूचा मुख्य वैरी वारा. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो. पुढच्याच्या अगदी मागे चिकटून सायकल चालविली तर हा विरोध पुढच्याने झेललेला असतो, आणि मागच्याची सुमारे एक-तृतीयांश शक्ती वाचते. म्हणून सपाटीवर दुबळाही बळकटाच्या आडोशाने घोळक्यात टिकून राहतो. घाट लागला की वेग उतरतो, वाऱ्याचे महत्त्व कमी होते आणि प्रत्येकाला आपल्या देहाचे व सायकलीचे ओझे स्वतःच वर न्यावे लागते. शंभर मीटर पुढे जाताना आठ मीटर उंच चढावे लागले, तर त्या चढणीला आठ टक्क्यांची चढण म्हणतात. आपला मुलूख धानाच्या बांध्यांचा, बोड्यांचा आणि सपाट जंगलाचा; त्यामुळे आठ टक्के म्हणजे काय हे कानाला कळले तरी पायाला कळत नाही. पोते लादलेली सायकल घेऊन तलावाच्या पाळीवर चढताना छातीत जे होते, ते अर्धा तास चालू राहिले असे समजा, म्हणजे कल्पना येईल. घाटात आडोसा संपतो आणि कोणाच्या अंगात किती आहे ते उघडे पडते. शर्यतीचा निकाल बहुधा येथेच लागतो.

हा खेळ घाटात कसा शिरला, त्याचा इतिहास थोडा सांगतो. फ्रान्स देशात 'लोतो' नावाचे एक क्रीडापत्र होते. त्याचा खप वाढावा म्हणून आंरी देग्रांज या संपादकाने १९०३ साली देशाला वळसा घालणारी 'टूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू केली. इटलीतली अशीच शर्यत १९०९ साली निघाली. १९१० साली फ्रेंच शर्यत पिरेनीज पर्वतात नेण्यात आली आणि २,११५ मीटर उंचीची तूरमाले खिंड सायकलपटूंना चढावी लागली. पुढच्याच वर्षी आल्प्स पर्वतातली २,६०० मीटरांहून उंच अशी गालिबिए खिंड आली. तेव्हा रस्ते कच्चे होते, सायकली जड होत्या, आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती ज्याची त्यानेच करावी असा नियम होता. वर्तमानपत्राला खप पाहिजे होता. खपासाठी पराक्रमाच्या कथा पाहिजे होत्या. आणि कथेसाठी कोणीतरी घाम गाळावयास पाहिजे होता. १९३० पासून शर्यतीच्या पुढे जाहिरातीच्या गाड्यांची मिरवणूकही निघू लागली. हा खेळ पाहावयास तिकीट पडत नाही, याचे कारण हेच. खर्च जाहिरातदार देतो, रस्ता सरकार देते आणि मेहनत सायकलपटू देतो.

व्यावसायिक सायकलपटू म्हणजे पगारी नोकर. त्याचा करार संघाशी असतो, आणि सदऱ्यावर पैसे देणाऱ्या कंपनीचे नाव असते. एका संघात सहा-आठ जण असतात. परंतु जिंकावयाचे असते त्यांतल्या एकाने. बाकीचे त्याच्यासाठी राबतात. त्याला वाऱ्यापासून आडोसा देतात, मागे राहून संघाच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या घेतात आणि पुन्हा जोर मारून पुढे येऊन त्याला देतात. त्याचे चाक फुटले तर आपले काढून देतात. फ्रेंच भाषेत अशा सायकलपटूला 'दोमेस्तिक' म्हणतात, म्हणजे घरगडी. १९११ साली देग्रांजने एका सायकलपटूला हिणविण्यासाठी हा शब्द वापरला होता. आज तोच शब्द मानाने घेतला जातो. जिंकलेली बक्षिसाची रक्कम संघातल्या सर्वांत वाटून घेण्याची चाल आहे, आणि ती चाल मला या खेळातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. घाटात उभे राहिल्यावर नजर पहिल्या गड्यावर तर जाईलच. पण जो गडी घाटाच्या पायथ्यापासून अर्ध्यापर्यंत आपल्या नायकापुढे राहून जोर लावतो आणि मग अचानक बाजूला होऊन जवळजवळ थांबतो, त्याच्याकडेही पाहा. तो हरलेला नसतो. त्याचे त्या दिवसाचे काम संपलेले असते.

ही मेहनतीची माणसे असल्यामुळे त्यांच्यातही मागण्या आणि लढे झाले. १२ जुलै १९७८ रोजी टूर द फ्रान्समध्ये व्हालांस दाजां या गावी सायकलपटूंनी संप केला. आदल्या दिवशी पिरेनीजमधली अवघड चढण चढून ते रात्री उशिरा निजले होते, आणि पहाटे उठवून त्यांना एकाच दिवशी दोन टप्पे धावावयास लावले होते. सगळ्यांनी सायकली मुद्दाम सावकाश चालविल्या, शेवटच्या रेषेपाशी खाली उतरले आणि सायकली हातांत धरून पायी रेषा ओलांडली. तेवीस वर्षांचा बेर्नार इनो त्यांच्या पुढे होता. पुढे ती शर्यत त्यानेच जिंकली. त्या गावातले लोक मात्र नाराज झाले, कारण त्यांनी शर्यतीच्या स्वागतासाठी खूप तयारी केली होती. संपाने बाजारपेठ बंद पडली की दुकानदार रागावतो, तशातलाच हा प्रकार. दोन्ही बाजू समजून घेण्याजोग्या आहेत. तथापि झोप न मिळालेल्या माणसाला घाट उतरताना चूक परवडत नाही, हे त्या गावकऱ्यांनाही नंतर पटले असेल. १९९९ पासून व्यावसायिक सायकलपटूंची स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. अतिउष्णता, बर्फ, वादळ अशा वेळी शर्यत थांबवावी की वळवावी यासंबंधीचा नियम २०१६ पासून लागू झाला.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. आपल्याकडे सायकल आणि घाट यांचे नाते जोडले ते मुंबई-पुणे शर्यतीने. खोपोलीपर्यंत रस्ता समुद्रसपाटीपासून फारसा उंच नाही. तेथून बोरघाट चढून लोणावळ्याला जावे तो आपण सव्वासहाशे मीटरांच्या आसपास उंचीवर पोहोचतो. हा घाट जो पहिला चढेल त्याला 'घाटाचा राजा' हा किताब देण्याची प्रथा या शर्यतीत पडली. शर्यत जिंकणारा पुण्यात ठरतो, पण लोकांच्या तोंडी घाटाच्या राजाचे नाव राहते. जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. घाटातली वाट ज्याने इंग्रजांना दाखविली तो धनगर म्हणजे हा शिंगरोबा, अशी कथा सांगतात. या घाटातून रेल्वे नेण्याचे काम १८५६ ते १८६३ या काळात झाले. ऐन भरात चाळीस हजारांच्या घरात मजूर तेथे खपत होते. कॉलऱ्याने आणि अपघातांनी त्यांतले हजारो मेले, आणि १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून त्यांचा मोठा दंगा झाला. घाटाच्या राजाची वाट पाहत उभे असताना खालून गाडीचा आवाज आला, तर त्या अनाम माणसांचीही आठवण ठेवावी. त्यांना किताब कोणी दिला नाही.

मुंबई-पुणे ही शर्यत देशी खेळाडूंची. जगातले पगारी संघ महाराष्ट्राच्या रस्त्यांवर पाहावयाचे तर 'पुणे ग्रँड टूर' हे अलीकडचे उदाहरण आहे. जानेवारी २०२६ मध्ये, १९ पासून २३ तारखेपर्यंत, ही शर्यत पुणे जिल्ह्यात झाली. प्रारंभीचा एक छोटा टप्पा आणि चार मुख्य टप्पे मिळून सुमारे ४३७ किलोमीटरचे अंतर होते, आणि पहिला मुख्य टप्पा मुळशी-मावळच्या डोंगराळ भागातून गेला. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने या शर्यतीला '२.२' असा वर्ग दिला होता. या आकड्यांची फोड सोपी आहे. पहिला आकडा १ असेल तर शर्यत एका दिवसाची, २ असेल तर अनेक टप्प्यांची. दुसरा आकडा दर्जा सांगतो. आणखी एक गोष्ट या आकड्यामागे दडलेली आहे. पुरुषांच्या वरच्या दोन वर्गांतल्या संघांना किमान वेतन बांधून दिलेले आहे. त्याखालच्या कॉन्टिनेन्टल वर्गाला महासंघाने तसे वेतन बांधून दिलेले नाही, आणि २.२ दर्जाच्या शर्यतीत मुख्यतः याच वर्गातले संघ येतात. म्हणजे आपल्या घाटात जे तरुण घाम गाळताना दिसतील त्यांतल्या कित्येकांचे लक्ष वरच्या वर्गात जागा मिळविण्याकडे लागलेले असते. त्यांच्या दृष्टीने तो घाट म्हणजे नोकरीची परीक्षा होय.

येथवर शर्यत कशी असते ते पाहिले. आता बेताकडे येऊ. मोर्चा असो, परिषद असो की जत्रा, माणसे दूर न्यावयाची तर चार गोष्टी आधी कागदावर लिहाव्या लागतात: दिवस, पैसा, वाट आणि जागा. सायकलशर्यतीलाही हाच क्रम लागू पडतो.

प्रथम दिवस. शर्यतीची तारीख आणि टप्प्यांचा नकाशा अधिकृत पत्रकावरूनच घ्यावा. ऐकीव तारखेवर आरक्षण करू नये. यंदा झाली म्हणजे पुढल्या वर्षी त्याच तारखांना होईलच असे धरून चालू नये. मुंबई-पुणे शर्यतीचीही त्या त्या वर्षी संघटनेकडे चौकशी करावी. आपल्या भागाला जानेवारी महिना सोयीचा पडतो. धान कापून, चुरून घरात आलेले असते. मोह वेचण्याला आणि तेंदूपत्त्याला अवकाश असतो. युरोपातले घाट पाहावयाचे झाल्यास इटलीची शर्यत मे महिन्यात आणि फ्रान्सची जुलैत असते. मे म्हणजे आपल्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम, जुलै म्हणजे रोवणी. ज्यांची मुले-मुली तिकडे नोकरीला आहेत आणि ज्यांच्या घरी शेती बघणारे दुसरे कोणी आहे, त्यांनाच ते साधावयाचे.

दुसरी गोष्ट पैसा. येथे मी थोडा वेळ घेणार आहे. प्रवासाचा खर्च मांडताना बहुतेक जण गाडीभाडे, जेवण आणि निवारा असे तीन रकाने घालतात. रोजंदारीच्या माणसाने त्यांच्याही वर चौथा रकाना घालावा: बुडणारी मजुरी. नागपुराहून पुण्याचा रेल्वेप्रवास साधारण पंधरा ते अठरा तासांचा आहे. जाण्याचा एक दिवस, पोहोचून जागा पाहण्याचा एक, शर्यतीचा एक आणि परतीचा एक, असे चार दिवस लागतात. कायम नोकरीतल्या माणसाचे हे चार दिवस रजेत जमा होतात. तेंदूपत्ता तोडणाऱ्याला पैसे पुड्यांच्या हिशेबाने आणि हमालाला पोत्यांच्या हिशेबाने मिळतात. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी दाम नाही. फ्रान्समध्ये १९३६ साली मोठे संप झाले आणि त्या वर्षी कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. त्यानंतर कामगारांची कुटुंबे उन्हाळ्यात गावाबाहेर पडू लागली आणि जुलैतल्या शर्यतीच्या रस्त्याकडेला शिदोऱ्या घेऊन बसू लागली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने, वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला पुढील वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. जंगलातल्या आणि शेतातल्या मजुराच्या वाट्याला ती आली नाही. खेळ फुकट असला तरी तो पाहण्यासाठी लागणारा दिवस फुकट नसतो. रजा हा चैनीचा विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी घाटातल्या गर्दीत कोण येऊ शकले आणि कोण येऊ शकले नाही, याची एकदा मोजदाद करून पाहावी.

जोपर्यंत ही रजा मिळत नाही तोपर्यंत उपाय काय? उपाय जुनाच आहे: दहा-बारा जणांनी मिळून भिशी घालावी. दर महिन्याला ठरलेली लहान रक्कम एका विश्वासू माणसाकडे द्यावी, वही उघडी ठेवावी, आणि जाणाऱ्या प्रत्येकाच्या नावे चार दिवसांच्या मजुरीएवढी रक्कम घरी ठेवूनच निघावे. ज्याच्या घरी आजारपण आहे त्याला भिशीतून आधी पैसे मिळावेत, प्रवास नंतर. बायकांनाही या बेतात मोजावे. शर्यत पुरुषांनी पाहावी आणि बायकांनी डबे भरून द्यावेत, ही वाटणी सोडून देण्याची वेळ झाली आहे.

तिसरी गोष्ट वाट. सिंदेवाही गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर आहे. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर, मनमाड, दौंड अशी वळसा घेत पुण्याला जाते. एस. टी. ने नागपूर गाठून तेथून ही किंवा दुसरी गाडी पकडणे मंडळींना सोपे पडेल. दहा-बारा जणांचे आरक्षण तारीख जाहीर होताच करावे. पुण्याहून घाटापर्यंतचा शेवटचा तुकडा मात्र सर्वांत फसवा असतो. शर्यतीच्या दिवशी रस्ता खेळाडू येण्यापूर्वी कितीतरी आधी वाहनांना बंद होतो, आणि ज्याने वेळ साधली नाही तो घाटाच्या पायथ्याशी पोलिसांच्या दोरीपाशी अडकतो. म्हणून रस्ता कधी बंद होणार ते आदल्या दिवशी विचारून घ्यावे, त्याच्या दोन तास आधी वर जाऊन बसावे आणि रस्ता पुन्हा खुला होईपर्यंत पुरेल इतके पाणी व भाकरी जवळ ठेवावी. डोंगरात जानेवारीतली सकाळ गारठ्याची आणि दुपार उन्हाची असते. पांघरूण आणि टोपी दोन्ही लागतात.

शर्यतीच्या वेळापत्रकात एक गंमत असते, तीही वाचावयास शिकावी. प्रत्येक ठिकाणापुढे शर्यत तेथे पोहोचण्याच्या सामान्यतः तीन वेळा छापतात: वेगाने धावली तर, मध्यम धावली तर आणि सावकाश धावली तर. सर्वांत लवकरची वेळ धरून तयार राहावे.

चौथी गोष्ट जागा. शेवटच्या रेषेपाशी गर्दी सर्वांत जास्त आणि दिसते सर्वांत कमी. घाटाच्या वरच्या निम्म्या भागात, तीव्र वळणाच्या वरच्या अंगाला, रस्त्यापासून सुटी आणि पक्की जमीन पाहून उभे राहावे. तेथून खालचा रस्ताही दिसतो आणि तेच खेळाडू दोनदा, कधी तीनदा नजरेस पडतात. फ्रान्समधला आल्प द्युएझचा घाट याचसाठी प्रसिद्ध झाला. १३.८ किलोमीटरचा हा रस्ता एकवीस वळणांनी सुमारे १,८५० मीटर उंचीवर चढतो. १९५२ साली शर्यत तेथे प्रथम गेली आणि इटलीचा फाउस्तो कॉप्पी जिंकला. वळणांना खालून वर एकवीस ते एक असे क्रमांक आहेत आणि त्यांवर जिंकलेल्यांच्या नावांच्या पाट्या लावल्या आहेत. चांगले खेळाडू तो घाट सुमारे चाळीस मिनिटांत चढतात. पायथ्याच्या गावातून पायी चढणाऱ्या प्रेक्षकाला तीन-चार तास लागतात. एक इशारा मात्र ध्यानात ठेवावा. घाट उतरताना सायकली तासाला साठ-सत्तर किलोमीटरने येतात. उताराच्या वळणावर बाहेरच्या कडेला कोणीही, विशेषतः मुलांना घेऊन, कधीही उभे राहू नये.

जागा मिळाली म्हणजे प्रेक्षकाचे कर्तव्य सुरू होते. इतर खेळांत मैदानाला कुंपण असते. येथे खेळाडू आणि आपण यांच्यात हातभर हवा असते. १९९९ साली आल्प द्युएझवर ज्युझेप्पे ग्वेरिनी पहिला येत असताना फोटो काढणारा एक तरुण त्याच्या वाटेत उभा राहिला. दोघांची टक्कर होऊन ग्वेरिनी पडला, आणि सुदैवाने उठून जिंकलाही. २६ जून २०२१ रोजी, त्या वर्षीच्या शर्यतीच्या पहिल्याच टप्प्यात, एका प्रेक्षक स्त्रीने कॅमेऱ्याकडे पाहत पाटी रस्त्यावर धरली आणि कित्येक सायकलपटू एकावर एक कोसळले. कोणाचा तरी वर्षाचा रोजगार एका पाटीने जाऊ शकतो. म्हणून मोबाइल रस्त्याच्या आत धरू नये, खेळाडूबरोबर धावू नये, कोणाला मागून ढकलू नये. ढकलल्याचा दंड त्या खेळाडूलाच होऊ शकतो. न विचारता पाणी ओतू नये. आपल्या गावाकडच्या रस्त्यांवर गाय, कुत्रा आणि आडवा धावणारा पोरगा हे तीन धोके अधिक. जेथे शर्यत जाणार तेथल्या गावकऱ्यांबरोबर उभे राहून त्यांना ही गोष्ट सांगणे, हेही पाहुण्याचे कामच आहे. टाळ्या मात्र मनसोक्त वाजवाव्यात, आणि त्या पहिल्याच्या वाट्यालाच सगळ्या खर्चू नयेत.

कारण घाटातले अर्धे दृश्य पहिला गेल्यानंतरच सुरू होते. प्रत्येक टप्प्याला कालमर्यादा असते. पहिल्याच्या वेळेपेक्षा ठरलेल्या प्रमाणाहून अधिक वेळ लागला तर सायकलपटू शर्यतीतून बाद होतो. म्हणून मागे राहिलेले सगळे, कोणत्याही संघाचे असोत, घाटात एकत्र येतात आणि एकमेकांना धरून वेळेच्या आत वर पोहोचण्याचा प्रयत्न करतात. सकाळी जे प्रतिस्पर्धी होते ते येथे सोबती होतात. ज्याच्या अंगात थोडे जास्त उरले आहे तो पुढे राहून सर्वांना चाल देतो, आणि दमला की दुसरा त्याची जागा घेतो. बातमीत यांची नावे येत नाहीत, पण उद्याच्या टप्प्यात आपल्या नायकाला पाणी पुरविणारे हेच असतात.

आणि त्यांच्याही मागून एक मोटार येते. तिला 'झाडूगाडी' म्हणतात. १९१० साली शर्यत पहिल्यांदा उंच डोंगरात गेली तेव्हाच ही गाडी आली. ज्यांचे पाय थांबले त्यांना उचलून घेणे हे तिचे काम. बहुतेक प्रेक्षक पहिले दहा गेले की घाट उतरू लागतात आणि अर्ध्या रस्त्यात गर्दीत अडकून बसतात. इतक्या लांबून, चार दिवसांची मजुरी बाजूला काढून आलेल्या आपल्या मंडळींनी तसे करू नये. झाडूगाडी जाईपर्यंत जागा सोडू नये. तिच्या पुढे चाललेला शेवटचा गडी तुमच्यासमोरून जाईल तेव्हा रस्त्यावर फारसे कोणी उरलेले नसेल, आणि तुमच्या टाळ्या त्याला स्पष्ट ऐकू जातील.